वहाळातले मासे कुठे गेले? जमिनीतला बदल माशांच्या यादीतून कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात सत्तरीतल्या एका वाड्यालगतच्या वहाळात (ओढ्यात) वीसेक वर्षांपूर्वी मळये, पिठोळ, ठिगूर (मागूर), देखळे (मरळीच्या जातीचे) आणि अधूनमधून अहीर (सापासारखा लांब ईल) मिळत. आज तिथे तिलापिया भरपूर आहे, पिठोळ थोडे आहेत, बाकी काही दिसत नाही. मधल्या काळात वरच्या उतारावर काजू काढून रबर लावला, वहाळावर सिमेंटचा बंधारा झाला, रस्ता रुंद होताना जुना साकव जाऊन नळ्यांची मोरी आली आणि खालची सरद (पावसाळी भाताची) शेती पडीक पडली. यातल्या कशामुळे मासे गेले, आणि ते ठामपणे कसं सांगायचं?

आधी उत्तर, मग कारणं. वर्णन बरोबर असेल तर पहिला संशय रबरावर घेऊ नका. मोरी, बंधारा आणि पडीक शेत या तिघांवर घ्या. रबराचा गाळ हे दुसरं कारण असू शकतं, पण एकट्या गाळाने अशी यादी तयार होत नाही.

असं म्हणायला आधार आहे तो ठिगूर आणि देखळ्याचा. हे दोन्ही मासे हवेतला प्राणवायू घेऊ शकतात. गढूळ, कोमट, कुजक्या पाण्यातही ते तग धरतात. जंगल तुटून गाळ आला किंवा सावली जाऊन पाणी तापलं, तर सगळ्यात शेवटी जायला हवेत ते हे. तेच आधी गेले असतील तर पाणी बिघडणं हे मुख्य कारण नाही. त्यांना पावसाळ्यात ज्या उथळ, तुंबलेल्या शेतात अंडी घालायला जायचं असतं, ती जागा तरी गेली आहे किंवा तिथे पोचायची वाट तरी.

माशाला जंगल, रबर, खाण यांतलं काही दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोचतात चार गोष्टी: तळ कसा आहे, उन्हाळ्यात पाणी किती आणि किती गरम, वर-खाली जायला वाट आहे का, आणि खाडीच्या बाजूला खार कुठपर्यंत चढतो. जमिनीवरचा कुठलाही बदल या चारांपैकी एकात किंवा अनेकांत उतरतो आणि मगच मासे सरकतात. म्हणून "जंगल किती टक्के घटलं" आणि "मासे किती घटले" हे दोन आकडे शेजारी ठेवून काही हाती लागत नाही. कोणता मासा गेला ते आधी पाहायचं. प्रत्येक मासा एका वेगळ्या गोष्टीची साक्ष देतो.

मळयो, म्हणजे गारा मुल्या, दगडावरचं शेवाळ खरवडून जगतो. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनमधल्या माशांचं वर्णन करताना इथलंच मराठी नाव लॅटिन नावात घातलं, ते 'मुल्या' आजही चालू आहे. दगडावर गाळाचा पातळ थर बसला की त्याचं अन्न झाकलं जातं. दगडांच्या फटींत राहणारे चिकटे, लोच जातीचे छोटे मासे त्याच्याही आधी जातात, कारण फटच बुजते. डेव्हारिओ हा पाण्याच्या वरच्या थरातला, निळसर पट्ट्यांचा मासा काठावरच्या झाडांतून पडणाऱ्या किड्यांवर बराच अवलंबून असतो. काठ भादरला की तो कमी होतो, पाणी कितीही स्वच्छ असो. पेथिया सेतनाई हा छोटा पिठोळ शास्त्राला १९९२ मध्ये कळला. गोवा आणि लगतचा प्रदेश एवढंच त्याचं जग. त्यामुळे एका खोऱ्यातून त्याचं जाणं सामान्य पिठोळाच्या जाण्यापेक्षा फार जड आहे. उलट शेपटीजवळ काळा ठिपका असलेला मोठा पिठोळ, डॉकिन्सिया, बराच सोशिक आहे. तुमच्याकडे उरलेले पिठोळ बहुधा तेच असतील. नोंदवहीत नुसतं 'पिठोळ' लिहू नका. त्या एका नावाखाली चार-पाच जाती दडलेल्या असतात आणि खरा बदल नेमका तिथेच लपतो.

अहीर समुद्रात अंडी घालतो आणि त्याची पिल्लं खाडीतून वर चढून येतात. गोड्या पाण्यातल्या कित्येक झिंग्यांची पिल्लं वाढायला मचूळ पाणी लागतं. अडथळ्याच्या खाली हे दोन्ही आहेत आणि वर नाहीत, तर दुसरा पुरावा शोधायची फारशी गरज उरत नाही.

वाट

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मासे नदीतून वहाळात, वहाळातून पाटात आणि पाटातून शेतात चढतात. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो. या चढणीचा जोर पहिले दहा-पंधरा दिवस असतो. तेवढ्यात वाट बंद राहिली, तर त्या वर्षीची पिढी बुडाली. लहान पिठोळासारखे मासे दोन-तीन वर्षंच जगतात, म्हणून लागोपाठ तीन पावसाळे वाट बंद राहिली की वरच्या भागातून ती जात नाहीशी होऊ शकते. शिवाय खालून पुन्हा चढून येण्याची सोय नसते.

नळ्यांची मोरी दोन कारणांनी वाट अडवते. पहिलं कारण वेग. ९०० मिलिमीटरची काँक्रीट नळी ५० मीटरला १ मीटर उताराने बसवली, तर पावसात ती अर्धी भरून वाहतानाही पाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटरच्या वर जातो. सहा सेंटिमीटरचा मासा जीव तोडून पोहला तरी काही सेकंदच, साधारण ६० सेंटिमीटर प्रतिसेकंद एवढा वेग गाठतो. जुन्या साकवाखाली दगड होते, दगडामागे शांत पाणी होतं, मासा टप्प्याटप्प्याने चढायचा. गुळगुळीत नळीत थांबायला जागाच नाही. दुसरं कारण नळीच्या खालच्या तोंडाशी होणारी पडण. पाणी तिथे तळ खणतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत नळीचं तोंड तळापासून वर लटकतं. १०-१५ सेंटिमीटरची पडणही लहान माशांना पुष्कळ होते. उन्हाळ्यात जाऊन नुसती टेप लावा: नळीच्या तोंडापासून खालच्या पाण्याच्या पातळीपर्यंत किती अंतर आहे, आणि तोंडाखाली उडी घ्यायला डोह आहे की उघडं काँक्रीट.

बंधाऱ्याचं तसं नाही. वसंत बंधाऱ्यासारख्या फळ्यांच्या बंधाऱ्यात मे संपण्याआधी सगळ्या फळ्या काढल्या, तर पावसात वाट बरीचशी मोकळी असते. पाणी टिकावं म्हणून फळ्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ठेवतात, तिथे नेमकी चढण चुकते. पक्क्या भिंतीच्या बंधाऱ्याला मात्र असा काही उपाय नाही. त्याच्या पायथ्याशी काँक्रीटचा पसरट ओटा असतो, त्यावर दोन-तीन सेंटिमीटरचा पाण्याचा पापुद्रा वाहतो, आणि भिंत चढायच्या आधी मासा त्या ओट्यावरच अडतो. कावळे-बगळे तिथे जूनमध्ये कशासाठी जमतात ते एकदा सकाळी पाहून या.

शेताबद्दल लोक सहसा बोलत नाहीत, म्हणून थोडं जास्त लिहितो. भाताच्या खाचरात १०-१५ सेंटिमीटर पाणी, ऊन, कुजणारा पाला आणि त्यावर माजणारे सूक्ष्म जीव असतात. पिल्लांना यापेक्षा चांगली जागा डोंगरातल्या वहाळात मिळत नाही. शेत पडीक पडलं की बांध फुटतात, पाणी साठत नाही, गवत आणि झुडपं शिरतात. पडीक शेत उपग्रहाच्या चित्रात हिरवंगार दिसतं आणि नकाशात 'हिरवाई वाढली' अशी नोंद होते. माशांच्या हिशेबात मात्र ती जागा गेलेली असते. भराव घातलेल्या शेताचं तर विचारायलाच नको. तुमच्याकडे शेत नक्की कोणत्या वर्षी पडीक झालं आणि देखळे कोणत्या वर्षापासून कमी झाले, हे वाड्यावरच्या तीन-चार वयस्क लोकांना वेगवेगळं विचारा. एकत्र बसवून विचारलं तर सगळे पहिल्याच्या मागे जातात.

तळ आणि गाळ

रबर लावताना उतारावर पायऱ्या कापतात आणि झाडं जमीन झाकेपर्यंत पहिली तीन-चार वर्षं माती उघडी असते. काजूत दरवर्षी झुडपं साफ केल्याने मेअखेर तीच गत होते. रस्त्यासाठी कापलेली दरड तर दोघांपेक्षा वाईट, कारण तिची माती थेट गटारातून वहाळात येते. आणि खाणपट्ट्यात, डिचोली, सांगे, धारबांदोड्याच्या बाजूला, मोठा प्रश्न टाकाऊ मातीच्या डोंगरांचा आहे. गोव्यात एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड काढून टाकावा लागे. २०१२ मध्ये खाणकाम थांबलं तरी ते ढिगारे तिथेच राहिले आणि दर पावसात झिजतात. खाण बंद झाल्यावर मासे लगेच परत येतील ही अपेक्षा म्हणूनच फसते.

गाळ मोजायला महाग यंत्र लागत नाही. खळाळ असलेल्या जागी पाण्यात आडवं-तिडवं चालायचं, प्रत्येक पावलाला न बघता पायाच्या अंगठ्याजवळचा पहिला कण उचलायचा, त्याची मधली जाडी मोजायची. असे १०० कण. २ मिलिमीटरहून बारीक किती निघाले ते शेकड्यात मिळतं. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांतली मर्यादा इथे लावू नका. तुलना शेजारच्या, अजून जंगलात असलेल्या त्याच रुंदीच्या वहाळाशी करा. तिथे १२ आणि इथे ३५ असेल, तर गाळ हे खरं कारण आहे. १२ आणि १५ असेल, तर रबराला दोष देणं सोडा.

तिलापिया का फोफावला याचं उत्तरही इथेच आहे. मोझांबिक तिलापियाची मादी अंडी तोंडात सांभाळते. दगडावर किंवा खडीत अंडी टाकणाऱ्या माशांची अंडी गाळात गुदमरतात, तिची नाही. बंधाऱ्यामागे साठलेलं, उन्हात तापलेलं, संथ पाणी तिला हवं तसंच असतं. तिलापिया काढून टाकली तर मळये परत येतील असं समजून जाळी लावण्यात श्रम घालवू नका. तिच्यासाठी आपण घर बांधलं, म्हणून ती आली.

उन्हाळ्यातलं पाणी

गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. एप्रिल-मेमध्ये डोंगरातला वहाळ तुटक कोंडींची (डोहांची) माळ होतो आणि वर्षभराचे सगळे मासे त्या मोजक्या कोंडींत गोळा होतात. खरा धोका इथे आहे. १० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर खोल कोंडीत २० हजार लिटर पाणी असतं. कुळागराला (पोफळीच्या बागेला) लावलेला पंप सेकंदाला ५ लिटर ओढत असेल, तर तासाभरात ती कोरडी. एका तासाने किलोमीटरभरातली एक अख्खी जात संपू शकते. ब्लीचिंग पावडर किंवा विषारी साल टाकून मासे मारणंही म्हणूनच उन्हाळ्यात इतकं घातक ठरतं.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशाला लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम, २५ ला ८.३, ३० ला ७.६. फरक छोटा वाटेल. पण त्याच वेळी माशाची गरज वाढते, आणि उघड्या कोंडीत शेवाळ रात्री प्राणवायू ओढतं. म्हणून मोजणी दुपारी तीनला आणि पहाटे उजाडायच्या आत, अशी दोनदा करा. दुपारचा एकच आकडा घेणारे नेहमी फसतात, कारण दुपारी शेवाळवाल्या पाण्यात प्राणवायू भरपूर दिसतो.

खार, धरणं, कालवे

सत्तरीत खाराचा प्रश्न नाही. मांडवीत भरती गांजेच्या आसपासपर्यंत जाणवते, पण खारटपणा तितका वर जात नाही. खाली, खाजनांच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या) पट्ट्यात मात्र एक मानस (खारं पाणी अडवणारं दार) मोडली की काही महिन्यांत पिठोळाच्या जागी शेवटे, काळुंदर आणि चोणक येतात. तिथे मासे नाहीसे होत नाहीत, बदलतात. म्हणून खाजनात मोजणी केली तर मानशीची अवस्था आणि खारटपणा न लिहिता माशांची यादी देऊ नये.

साळावली आणि अंजुण्यासारखी धरणं एकाच वेळी दोन गोष्टी करतात: वाट कायमची बंद होते आणि मैलभर खळाळाचं तळं होतं. त्या तळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडले जातात. ते गंगेच्या खोऱ्यातले मासे, इथल्या नद्यांचे नव्हेत. कालव्यांचा परिणाम आणखी वेगळा. तिळारीचं पाणी शापोरेच्या खोऱ्यातून निघून अस्नोड्याच्या बाजूला, म्हणजे म्हापसा नदीच्या खोऱ्यात पोचतं. पाण्याबरोबर पिल्लंही जाऊ शकतात. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवण्याच्या वादात २०१८ च्या लवादाच्या निवाड्याने कोणाला किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी यावर पुष्कळ चर्चा झाली. पण म्हादई पश्चिमवाहिनी आणि मलप्रभा कृष्णेची उपनदी. घाटाने वेगळी ठेवलेली ही दोन खोरी जोडली गेली तर मासेही मिसळतील, आणि तेही त्या चर्चेत असायला हवं.

मोजणी कशी करायची

किमान चार जागा घ्या: मोरीच्या खाली, मोरी आणि बंधाऱ्याच्या मधे, बंधाऱ्याच्या वर, आणि शेजारच्या न बदललेल्या वहाळात एक. प्रत्येक जागा पाण्याच्या रुंदीच्या ४० पट लांब, पण १०० मीटरहून कमी नको. त्यात खळाळ, कोंड आणि संथ वाहतं पाणी तिन्ही यायला हवं. नुसत्या कोंडीत पागर (फेकायचं जाळं) टाकला तर मळयो आणि चिकटे मिळणारच नाहीत, आणि 'नामशेष' अशी खोटी नोंद होईल. खळाळात खाली हातजाळी धरून वरचे दगड पायाने ढवळा. दगड पुन्हा जागेवर ठेवा. प्रत्येक जागी वेळ सारखा द्या, उदाहरणार्थ दोन माणसं, दीड तास.

वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्च. जून-जुलैत जाळं घालू नका. तेव्हा फक्त मोरीशी उभे राहून चढण पाहा आणि किती मासे चढतात, किती परत फेकले जातात ते १५-१५ मिनिटांच्या टप्प्यांत मोजा. वहाळ म्हादई किंवा कुठल्याही अभयारण्यात येत असेल तर वन खात्याची लेखी परवानगी आधी घ्या.

एका भेटीत मासा दिसला नाही म्हणजे तो नाही, असं नसतं. जात असताना ती सापडण्याची शक्यता दर भेटीला निम्मी धरली, तर तीन भेटींनंतरही शेकडा साडेबारा वेळा ती निसटते. पाच भेटींत हे प्रमाण ३ टक्क्यांवर येतं. मासा ओल्या हाताने धरा, डावी बाजू वर, पर पसरलेले, शेजारी पट्टी, असा फोटो काढा आणि सोडून द्या.

प्रवाह मोजायला लिंबू चालतं. १० मीटर सरळ भागात ते सोडा, लागलेले सेकंद मोजा, वेग काढा आणि ०.८५ ने गुणा. वरचं पाणी तळच्यापेक्षा वेगाने धावतं म्हणून ही वजावट.

नकाशासाठी लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९८० च्या दशकापासून ३० मीटर बारकाईची, सेंटिनेलची २०१५ पासून १० मीटरची, दोन्ही फुकट मिळतात. डिसेंबर ते फेब्रुवारीतलं एक आणि एप्रिलमधलं एक चित्र घ्या. पावसाळी चित्रं ढगांनी वाया जातात. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती काजू, रबर, माड-पोफळी आणि जंगल हे सगळं 'झाडी' म्हणून एका रंगात रंगवण्याची. दुसरी चूक एप्रिलमधले उघडे जांभ्याचे सडे (सपाट खडकाळ माळ) खाणी समजण्याची. पायी फिरून ३०-४० ठिकाणं पडताळल्याशिवाय नकाशा वापरू नका. मग दोन पट्टे वेगळे मोजा: वहाळाच्या वरचं संपूर्ण पाणलोट, आणि मोजणीच्या जागेपासून वर एक किलोमीटर, दोन्ही काठांचे ३०-३० मीटर. गाळ पहिल्या पट्ट्याशी जुळतो, सावली आणि तापमान दुसऱ्याशी. दोन्ही एकत्र केले तर काहीच जुळत नाही.

आधी काय दुरुस्त करायचं

वाट आधी, कारण ती स्वस्त आणि लवकर होणारी गोष्ट आहे. मोरीच्या तोंडाखाली मोठे दगड, ३० ते ५० सेंटिमीटरचे, २० मीटरला १ मीटर उताराने रचून पडण भरून काढा. मधल्या भागात थोडी खोलगट वाट ठेवा म्हणजे कमी पाण्यातही धार एकवटते. लहान दगड वापरले तर पहिल्या पुरात जातात. नळीच्या आतला वेग मात्र याने कमी होत नाही, म्हणून मोरी पुन्हा बांधायची वेळ येईल तेव्हा नळ्यांऐवजी वहाळाच्या पूर्ण रुंदीची चौकोनी मोरी मागा, तळ किमान पाचवा हिस्सा जमिनीत गाडलेला, आत नैसर्गिक खडी. पंचायतीच्या ठरावात ही मापं आकड्यांत लिहा. 'माशांसाठी सोय करावी' एवढंच लिहिलं तर काही होत नाही. पक्क्या बंधाऱ्याच्या एका बाजूलाही असाच दगडी उतार देता येतो, पण तो जलस्रोत खात्याला विचारूनच.

त्यानंतर उन्हाळी कोंडी. किलोमीटरमागे दोन-तीन खोल कोंडी निवडून एप्रिल-मेमध्ये तिथून पंप लावायचा नाही, हे कुळागरवाल्यांबरोबर बसून ठरवा आणि गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत त्यांची नावं लिहून ठेवा. मग काठाची झाडं आणि एक-दोन खाचरांत पुन्हा पाणी. रबराच्या पायऱ्यांवर आच्छादन हे शेवटी, आणि तेही १०० कणांच्या मोजणीने गाळ सिद्ध झाला तरच.

पहिल्या पावसाळ्यात मोरीच्या वर ठिगूर किंवा देखळ्याची पिल्लं दिसली, तर निदान बरोबर होतं. दोन पावसाळ्यांनंतरही दिसली नाहीत आणि मोरीखाली ती भरपूर आहेत, तर नळीतला वेग पुन्हा मोजा. मोरीखालीही नसतील, तर शोध आणखी खाली, मुख्य नदीला वहाळ मिळतो त्या जागेपर्यंत न्यावा लागेल.